हाताला गुण

नऱ्ह्याच्या शेडमध्ये जानेवारीत
सकाळी आठला पत्रा अजून गार असतो
आणि स्विचचं सातवं पोर्ट म्हणतं, इथे कुणी नाही.

मॉड्यूल तर बसलंय. कडी लागलीय,
दाबलं की कट् असा आवाजही आला होता.
ड्रायव्हर तीनशे मिलिसेकंद थांबतो, विचारतो, कोण?
परत विचारतो, परत,
मग लॉगमध्ये एक ओळ खरडून मोकळा होतो.

दुपारी तेच मॉड्यूल, तेच पोर्ट,
पहिल्या हाकेला ओ.

खळदकर म्हणाले, स्वस्तातला माल, दुसरं काय.
मी म्हटलं, दुपारी महाग होतो का तो?
यावर ते चहाला गेले.

मी वही घातली. सापडलं, नाही सापडलं.
तिसरा रकाना तापमानाचा.
चौथा, बसवलं कुणी त्याचा,
हा उगाच, पानावर जागा उरली म्हणून.

घोळ चौथ्यानंच केला.
यासीन तांबोळींनी बसवलेलं
अकरा अंशांतही एकदासुद्धा हरवलं नव्हतं.
माझी सगळी बेपत्ता.
"त्यांच्या हाताला गुण आहे," पॅकिंगच्या सुलभाताई म्हणाल्या,
आणि मला, दोन पदव्या घेतलेल्या बाईला,
पाचेक मिनिटं ते पटलं.

मग ऑसिलोस्कोप. दोन तारा,
एक घड्याळाची, एक बोलण्याची.
ड्रायव्हरनं नाद सोडल्यावरही मी पुकारत राहिले,
तोच पत्ता, तोच पत्ता.
बोलण्याची तार वरच्या वर. हूं नाही की चूं नाही.
सातशे. नऊशे.
अकराशे मिलिसेकंदांना
ती एकदाची खाली आली.

म्हणजे झोपेत होतं.
"नाही" आणि "अजून नाही",
दोन्हींना ड्रायव्हरकडे एकच शब्द होता.

ड्रायव्हरच्या पोटात एक यादी असते, विक्षिप्तांची.
हा आपला वेग चुकीचा सांगतो, विश्वास ठेवू नये.
ह्याच्याकडे सोळा बाइट एकदम मागितले की बरळतो, एकेक मागावा.
हा उजेड असताना अंधार अंधार म्हणून ओरडतो, ओरडू द्यावं.
कुणाकुणाच्या जाग्रणाच्या ओळी त्या,
वाचताना एखाद्या एकत्र कुटुंबात आल्यासारखं वाटतं.
खाली मी माझी जोडली :
ह्याच्यासाठी थांबावं.

कंपाइल केलं. सकाळी लावलं. इथे कुणी नाही.

हसू आलं मग, जरा उशिरानं, माझंच.
यादी चालते नावावर.
नाव कळल्याशिवाय थांबायचं नाही,
आणि थांबल्याशिवाय नाव कळायचं नाही.
ओळ खोडली.
थांबायचंच तर सगळ्यांसाठी, नाव न विचारता :
कडी लागली आहे ना, मग आत कुणीतरी आहे,
पाच सेकंदांनी परत हाक मार,
पुन्हा पाचांनी, मिनिटभर तरी.
खळदकर म्हणाले, एवढा वेळ?
एवढाच, मी म्हटलं.

शेवटी तांबोळींना विचारलं.
तीन आठवडे मी स्कोप, वही, डेटाशीट सगळ्यांना विचारत होते,
ते चार फुटांवर बसलेले.
"गार लोखंड मशिनीत घालायचं नाही," ते म्हणाले,
"भोसरीला लेथवर होतो ना अठरा वर्षं."
डब्यातून मॉड्यूल काढलं,
मुठीत धरलं, दुसऱ्या हातानं चहा संपवला
आणि मग बसवलं.
"तुम्ही बोलला नाहीत?"
"तुम्ही मोजत होतात."

आज दहा अंश. माझी बोटं बर्फ.
मुद्दाम गारच बसवलं.
तीनशेला काही नाही. लॉग गप्प.
दोन, तीन, चार.
पाचव्या सेकंदाला सातव्या पोर्टचा दिवा हिरवा झाला.

तांबोळींनी मान वर करून पाहिलं, "बरं," म्हणाले.
पुढचं मॉड्यूल
त्यांच्या मुठीत होतंच.